टॉर्चमधले तीन सेल

८ फेब्रुवारी, शनिवार

नीलचा पत्ता नाही. स्कीइंगला गेला होता; यूटातल्या डोंगरात सकाळी बर्फाचा अख्खा उतार सुटला आणि हा त्याच्याखाली. त्याच्यासोबत गेलेल्या शिवांगीचा गुडघा दुखत होता म्हणून ती गाडीशी थांबली — तिने खालून पाहिलं. फोनवर तिला रडणं आवरत नव्हतं. ह्यांनीच बोलून घेतलं.

दोन अनोळखी स्कीवाले वर धावले म्हणे. गाडलेल्याच्या अंगावर बीकन असतो, त्याचा सिग्नल दुसऱ्याच्या बीकनवर येतो. त्यांना आला नाही. वरून आणखी बर्फ सुटायला लागला, मग परत फिरले.

सिग्नल आला नाही!

९ फेब्रुवारी

लिहून टाकते. सांगायची हिंमत नाही.

जानेवारीत आइस स्टॉर्म झालं, वीज गेली, टॉर्च नुसता मिणमिणत होता. नीलच्या बॅगेतल्या बीकनमध्ये तीन नवे सेल होते. ते काढून टॉर्चला घातले. टॉर्चचे जुने हीटरच्या जाळीवर तापवले — सासूबाई उन्हात ठेवायच्या तसे — आणि बीकनमध्ये बसवून दिले. नील जायच्या आत नवे आणू म्हटलं. विसरले.

काही टाकायचं नाही, ही माझी जन्माची खोड. नील म्हणायचा, "आई, ह्या सेलचं काय लोणचं घालणारेस?" मी वर त्यालाच उधळ्या म्हणायची.

१० फेब्रुवारी

धोका लाल. कुणी वर जाणार नाही. हेलिकॉप्टरही नाही, वारा आहे. दर तासाला हिमस्खलनाच्या इशाऱ्याचं पान उघडते. खाली जुना भुसभुशीत थर, त्यावर नवा जड बर्फ. आता मला सगळं कळतं. आता कळून काय करू?

शेजारच्या शैलजाताई खिचडी ठेवून गेल्या. देव आहे, म्हणाल्या. असेल.

११ फेब्रुवारी

लाल.

१२ फेब्रुवारी

केशरी. बर्फाखाली अर्धा तास म्हणजे फार झाला, असं त्याच पानावर लिहिलंय. आज पाचवा दिवस.

ह्यांनी दारातल्या नीलच्या गाडीवरचा बर्फ झाडला. आल्यावर लागेल म्हणाले. मी खिडकीतून बघत राहिले. ह्या माणसाला सेलचं कसं सांगू?

१४ फेब्रुवारी

सापडला. दोन मीटर खाली.

मी विचारलं, बीकनमुळे सापडला की कुत्र्यांनी शोधला? "आता काय फरक पडतो?" हे म्हणाले.

मला पडतो. माझ्या पोराला मी मारलं.

१९ फेब्रुवारी

शिवांगी उद्या येतेय, त्याचं सामान घेऊन. तिला सांगणार. ह्यांच्यासमोर.

२० फेब्रुवारी

सांगितलं. हे खाली मान घालून बसले. शिवांगी उठली, नीलच्या सामानातून झिपलॉकची पिशवी काढून माझ्या हातात ठेवली. आत तीन सेल. निघताना नीलने गाडीपाशी बीकन चेक केला, चार्ज कमी दिसला, हसत सुटला म्हणे — आणि नवे घातले. शोधणाऱ्यांना पलीकडच्या घळीत पोचताच सिग्नल मिळाला. त्या दिवशी त्या दोघा स्कीवाल्यांना तिथवर जाताच आलं नव्हतं.

जुने सेल ती टाकायला निघाली होती. नील म्हणाला, "टाकू नकोस, आई मागेल."

टॉर्चमधले नवे काढून हे जुने घातले. टॉर्च अजून लागतो.