छत्रीवरचं नाव

प्रिय ललित,

सगळ्यात आधी आली अक्काबाई. पाहुणे यायचे होते अकराला, ही बाई नऊलाच हजर, आणि तीही नातवाच्या साखरपुड्यातलं जांभळं लुगडं नेसून. मी म्हटलं, अगं, झेंडू ओवायचाय की वरातीत जायचंय? तर म्हणते, "चंद्राबाई, गाडी येणार हाय रेडिओची. फोटो काढतात ते लोक." मग मागोमाग मळ्यातल्या सगळ्या आल्या. शेडखाली बसायला जागा उरली नाही. तुझ्या आईने पोह्यांचं पातेलं चढवलं आणि मी आपली सगळ्यात मोठी पाटी पुढे ओढून बसले. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला होता. आपल्या मखमलाबादच्या चिखलाच्या वाटेने कोण येतं रे एवढ्या लांब? येतो तो औषधं विकणारा, नाहीतर मतं मागणारा.

आता तू म्हणशील कोणत्या रेडिओची गाडी. सांगते. रागावू नकोस. रंगतची.

तुझ्या झुळूकची नाही, रंगतची. मलाही आधी नकोच वाटलं होतं. पण बाबा, दारात येतो म्हणणाऱ्याला नको कसं म्हणायचं? आणि तू गेल्यापासून इथे झुळूक काय नि रंगत काय, फरकच राहिला नाही. तीच जुनी गाणी, तेच गायक. झुळूकवर एखादं गाणं अर्ध्यावर आलं की रंगतवर तेच सुरू होतं. परवा तर भागीबाईच्या सुनेने शेजारच्या शेडमध्ये एक लावला होता नि आमच्याकडे दुसरा, आणि एकच गाणं दोन्हीकडून पुढेमागे वाजत होतं, विहिरीत ओरडल्यावर येतं ना, तसं. पूर्वी कसं, गाणं कुठलंही असो, ते संपलं की तुझा आवाज यायचा, आणि आंधळ्यालाही कळलं असतं की हा आपला रेडिओ. आता झुळूकवर गाण्याला गाणं जोडलेलं. मधे माणूसच नाही.

तू बोलायचास तेव्हा दोन गाण्यांत एक माळ व्हायची आमची. दुसरं गाणं संपता संपता दोरा संपायचा आणि तू म्हणायचास, "चला, गाठ मारून घ्या." सगळ्या नाशिकला वाटायचं, हे बोलायचं तुझं काहीतरी नवीन फॅड आहे. द्वारका चौकातल्या रिक्षावाल्यांनी म्हणे मागे लिहून घेतलं होतं, गाठ मारून घ्या. पण आम्हाला ठाऊक होतं ना! लहानपणी पाटीला टेकून झोपायचास तू या शेडखाली, तेव्हापासून तुला माहीत की गाठीला बायकांना थोडी उसंत लागते, दात लागतात, तोंड रिकामं लागतं. तू आमच्यासाठी थांबायचास. त्या दुसऱ्या रेडिओवाल्यांनी द्वारका चौकात मोठा बोर्ड लावला, कमी बडबड जास्त गाणी म्हणून, आणि मग तुझ्याही साहेबांना तेच सुचलं, तुझं बोलणं कापत कापत आणलं, तरी तू तेवढं एक वाक्य सोडलं नाहीस. बाकी सगळं गेलं, गाठ राहिली. मला लय अभिमान वाटायचा. तुला कधी बोलले नाही, कारण तू फोन केलास की मी आधी जेवलास का विचारणार, मग वाताचं दुखणं सांगणार, तेवढ्यात तुझा ब्रेक संपणार.

तुझ्या बापाचंही एक सांगून टाकते. तू शेती सोडून रेडिओत गेलास तेव्हा तो म्हणाला होता ना, बोलून कुणाचं पोट भरतं का म्हणून. तोच माणूस फवारणीचा पंप पाठीला लावून निघाला की वरच्या खिशात मोबाइलचा रेडिओ सुरू करायचा, आणि आवाज बारीक ठेवायचा, आम्हाला कळू नये म्हणून. अरे, तुझा बाप असला तरी माझा लेक आहे तो, मला कळणार नाही होय? तू पुण्याला गेलास त्या दिवसापासून त्याने रेडिओ बंद केलाय. फवारणीला मुकाट जातो, मुकाट येतो. शेडमधला मोठा रेडिओ पण त्यानेच उचलून माळ्यावर टाकला होता, तो मी परवा भांडून खाली काढला. बायकांना हात चालवायला काहीतरी लागतं.

तर पाहुण्यांचं सांगत होते. तीन जण आले. दोन पुरुष मशीन सांभाळणारे, आणि बोलणारी एक मुलगी, भाग्यश्री नाव. मी समजत होते कुणी नटवी असेल. तर साधी, काटकुळी, ओल्या चपला दाराशी काढून मांडी घालून आमच्यात बसली. पोहे दोनदा घेतले. सुई मागितली आणि बोटात टोचून घेतली, सगळ्या हसल्या, तीही हसली. बरं वाटलं रे. तुझ्याएवढीच असेल. सगळ्यांना एकेक स्टीलचा डबा दिला, झाकणावर रंगत लिहिलेला. मग ती उभी राहिली आणि छान शुद्ध बोलली, की नाशिकच्या आसपास इतकी गावं फिरून कोण कुठला रेडिओ ऐकतं याची विचारणी झाली, पण तुमच्या वस्तीसारखी वस्ती नाही, इथे घरटी प्रत्येकीने रंगतचंच नाव घेतलं, म्हणून आम्ही तुमचे आभार मानायला आलो.

मी सुई खाली ठेवली. म्हटलं, पोरी, काहीतरी चुकतंय. या शेडखाली दुपारी फक्त झुळूक लागत होता. माझा नातू बोलायचा त्याच्यावर.

ती गोंधळली. आणि अक्काबाई, जांभळ्या लुगड्यातली, एकदम खुशीत म्हणाली, "मीच सांगितलं की! तू ओझरला लेकीकडं, कलाकडं गेली होतीस, डोळ्याच्या ऑपरेशनला."

मग तिने सगळं सांगितलं, हसत हसत, तुला माहीत आहे ती कशी सांगते. श्रावणातली गोष्ट. धो धो पाऊस. एक माणूस चिखलातून आला, गुडघ्यापर्यंत भरलेला, हातात कागद आणि डोक्यावर छत्री, आणि छत्रीवर मोठ्या अक्षरात रंगत. त्याने विचारलं, मावशी, दुपारी कोणता रेडिओ ऐकता? आता अक्काबाईला तू ओळखतोस. मतं मागायला येईल त्या प्रत्येकाला ती तुम्हालाच मत म्हणून सांगते. बियाणंवाल्याला म्हणते तुमचंच बी लावलंय. तिने छत्रीवरचं वाचलं आणि म्हणाली, "रंगतच ऐकतो की दादा, दुसरं काय ऐकणार!" तिने म्हटलं म्हणून मागच्या सगळ्या म्हणाल्या. एवढ्या पावसात लेकरू आलंय, त्याच्या तोंडावर दुसऱ्याचं नाव कसं घ्यायचं? त्याला चहा दिला, अंगावर टाकायला कोरडं पोतं दिलं. तो गेल्यावर पुन्हा झुळूक लावला, आणि तू म्हणालास गाठ मारून घ्या, आणि यांनी मारली.

भाग्यश्री हळूच म्हणाली, "आजी, तो माणूस आमचा नव्हता. तो सगळ्या स्टेशनांसाठी विचारत फिरत होता. छत्र्या आम्ही जत्रेत फुकट वाटल्या होत्या. कुणाच्याही हातात असतात."

रेडिओ वाजतच होता, तो तुझ्या आईने जाऊन बंद केला.

ललित, तेव्हा मला तुझा फोन आठवला. तुझा कार्यक्रम बंद झाला त्या दिवशी तू एकच वाक्य बोललास, "आजी, आपल्या माणसांनीच नाही गं ऐकलं." आणि ठेवलास. मी समजले, आपली माणसं म्हणजे तुझे ऑफिसातले. म्हटलं, साहेबांनी नसेल ऐकलं पोराचं म्हणणं. मी काय वेडी, त्यात एवढं रडण्यासारखं काय, असं मनात म्हणाले. मग तुझ्या दोस्ताकडून, मुस्तकीमकडून, थोडं थोडं कळलं की तुझ्या साहेबाने सगळ्यांसमोर तुला सांगितलं, तुझ्या स्वतःच्या वस्तीत तुला कुणी लावत नाही, बाकी नाशिक कशाला लावेल. तेव्हाही मला वाटलं साहेब खोटं बोलला. बोलतात लोक खोटं, माणूस काढायचा असला की. पण साहेब खोटं बोलला नव्हता रे. त्याच्याकडे जे आलं तेच त्याने सांगितलं. आणि तू ते पोटात घेऊन पुण्याला गेलास, आणि आता दिवसभर लोकांना बँकेच्या कार्डाचं समजावतोस, आणि माझा फोन आला की कामात आहे असा मेसेज टाकतोस.

अक्काबाईने तो डबा भाग्यश्रीपुढे परत सरकवला. तोंडावर पदर घेतला. म्हणाली, "माझ्या हातानं घालवला गं मी पोराला." मी त्या दिवशी इथे नव्हते म्हणून माझ्या तोंडून ते निघालं नाही एवढंच. असते तर मीही तेच म्हटलं असतं. भिजलेल्या माणसापुढे आपल्या नातवाची बढाई मारायची, मला नसतं जमलं. तू अक्काबाईवर राग धरू नकोस. ती कालपासून जेवली नाही.

भाग्यश्री बराच वेळ बसून राहिली. तिचे लोक चला चला करत होते. ती आमच्या बोटांकडे बघत होती. म्हणाली, "ललित सर गाठ मारून घ्या म्हणायचे, ते हे होय? आमचे साहेब मला म्हणायचे, तूही तसलं काहीतरी काढ. मी किती वाक्यं करून पाहिली." नंतर बाकीच्या उठून चहाला गेल्या तेव्हा माझ्याजवळ सरकून सांगितलं, की झुळूकने बोलणारी माणसं काढली आणि नुसती गाणी ठेवली, तर ऐकणारे काही कमी झाले नाहीत म्हणे, म्हणून आता त्यांच्याकडेही तेच चाललंय. दिवाळीनंतर तिलाही नको म्हणतील असं वाटतं. एवढी जिंकून आलेली पोर, डबे वाटायला आलेली, आणि डोळे बघ तिचे. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. काय करणार दुसरं.

मी तिला म्हटलं, बाई, तुझ्या त्या साहेबांना सांग की आमच्या वस्तीचं नाव खोडा, पुन्हा विचारणी करा. ती म्हणाली, आजी, ते आता होत नाही, त्याच्यावर जाहिराती ठरल्या, माणसं गेली. मी म्हटलं, मग माझ्या नातवाला तरी कळायला हवं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, मी पुन्हा येते. दसऱ्याच्या माळांचा कार्यक्रम करायचाच आहे, इथूनच करू. भरून नेला तर ऑफिसात कापतील, म्हणून थेट सोडू. तुम्ही बोला आजी, काय बोलायचं ते. मी म्हटलं, तुला ओरडतील. तर म्हणते, ओरडू द्या.

म्हणून हे पत्र. फोन तू उचलत नाहीस, आणि एवढं फोनवर मला सांगताही येणार नाही, मी मधेच रडेन आणि तू ठेवशील. तिसरी शिकलेली बाई मी, दोन दुपारी घातल्या याच्यात. मुस्तकीम उद्या पुण्याच्या मार्केट यार्डात शेवंती घेऊन चाललाय, तो तुझ्या हातात देईल, तुझ्यापुढेच वाचायला लावीन म्हणालाय. तुला नोकरी मिळेल म्हणून बोलावत नाही. ते गेलं, मला कळतं. तू परत शेती कर असंही कुणी म्हणणार नाही. मला फक्त एवढंच पाहिजे की या बायका एकेक करून सांगतील, रोज दुपारी कुणाला ऐकत होतो, आणि ते तुझ्या कानांनी तू ऐकावंस. अक्काबाई पहिली बोलणार आहे. तुझा बाप पण बसतो म्हणालाय, बोलणार नाही, नुसता बसणार. पण मुस्तकीम सांगतो की नाशिकचा रेडिओ पुण्यात लागत नाही, आणि भाग्यश्री म्हणते त्यांचं मोबाइलवरही मिळत नाही. तेव्हा घरी यावंसं वाटत नसेल तर नको येऊस, मी जबरदस्ती करणार नाही. सिन्नरपर्यंत ये. तिथे लागतो. एखाद्या चहाच्या टपरीवर बस, रंगत लाव, ऐक, आणि मग वाटेल त्या दिशेची गाडी धर. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी, दुपारी दोनला, ते लोक पुन्हा येतो म्हणून सांगून गेलेत.

तुझीच वाट ऐकणारी,
आजी