पडद्याचे चार कोपरे

आई, गेल्या महिन्यात तुझ्या नातीसाठी कॉम्प्युटरचा नवा मॉनिटर घेतला. वसई स्टेशनजवळच्या दुकानात तीन पडदे शेजारी शेजारी लावलेले होते आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून आपोआप कोपरे बघायला लागले, आधी वरचा डावा, मग उजवा, मग खालचे दोन. आपण काय करतोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा तिथल्या तिथे तुझ्याशी बोलावंसं वाटलं. दुकानात ते जमणार नव्हतं, म्हणून आता लिहिते आहे.

तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. ती आता एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात जाते आणि गेम खेळते. खेळते म्हणजे वेळ घालवायला नाही. पाच मुलींची टीम आहे. प्रत्येक मुलगी आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसते, कानाला हेडफोन, आणि पडद्यावर समोरच्या पाच जणांशी बंदुकीची लढाई. भिंतीआडून कुणी डोकावलं तर पापणी लवायच्या आत त्याला टिपायचं, नाहीतर तो तुम्हाला टिपतो. कॉलेजांच्या मोठ्या स्पर्धेत या पाच जणी शेवटच्या आठात पोहोचल्या होत्या. सुरुवातीला मी खूप चिडायचे. मग एकदा तिच्या मागे गुपचूप उभी राहिले, आणि ती ज्या एकाग्रतेने बघत होती ते पाहून गप्प झाले. तसं बघणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं होतं, ते म्हणजे तू.

तुझा कारखाना आठवतो ना. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतली ती पत्र्याच्या छपराची लांबट शेड, आत टीव्ही जोडायचं काम. आपल्या खाडीकडच्या गावातून तुम्ही चौघी-पाच जणी चालत निघायचात, डबे घेऊन. बाकीच्या तारा जोडायच्या, तू मात्र शेवटच्या टेबलावर. तयार झालेला संच तुझ्यासमोर यायचा, त्यावर चौकटी आणि मधोमध मोठं वर्तुळ असलेलं चित्र लागायचं, आणि तू बघायचीस. वर्तुळ गोल आहे का, रेघा सरळ आहेत का, चित्र थरथरतंय का. शनिवारी माझी शाळा सकाळची असायची, तेव्हा मी डबा घेऊन तुझ्याकडे यायचे. जेवण झालं की तू मला मांडीवर ओढून घेतेस आणि म्हणतेस, "मधलं सगल्यांनाच दिसतं. कोपरे बघ. खोट नेहमी कोपऱ्यात असते." मी बघते. मला सगळं सारखंच दिसतं. तू माझी हनुवटी धरून मान सरळ करतेस. "मान नाय हलवायची. डोला फिरव." मी शाळेत शिकून आल्यावर तुझं 'पानी' सुधारायला जायचे, 'पाणी म्हण गं आई', आणि तू हसून पुन्हा 'पानी'च म्हणायचीस. पण बघायला मात्र तूच मला शिकवलंस. हळूहळू मलाही दिसायला लागलं, खालच्या उजव्या कोपऱ्यात रेघ किंचित वाकलेली, वर्तुळ एका बाजूला अंड्यासारखं.

मी सातवीत गेले त्या वर्षी तुझी मान हलायला लागली. आधी मला गंमत वाटली, कोंबडी बघते तशी तू मान वळवून वळवून कोपरे बघायचीस. मग घरात तू दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागलीस. कडेला ठेवलेली कळशी तुला दिसायची नाही. शनिवारी तू मला जास्त वेळ थांबवून घ्यायचीस आणि हळूच विचारायचीस, "ह्या कोपऱ्यात कसं हाय?" मी सांगायचे. मला त्याचा अभिमानच वाटायचा. आईचं काम मी करते! आणि त्याच अभिमानात, तू तापाने पडलीस तेव्हा तुमच्या सुपरवायझरबाई घरी आल्या, त्यांच्यासमोर मी बोलून गेले, "आईला कडेचं दिसत नाही, कोपरे मीच बघते." तू गोधडीत तोंड फिरवून पडली होतीस. तू ऐकलंस हे मला तुझ्या पाठीवरून कळलं.

बरी होऊन कामावर गेलीस त्या दिवशी तुला शेवटच्या टेबलावरून उठवून खोकी भरायला बसवलं. बाई वाईट नव्हत्या, त्यांनीच तुला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही, पण रोज थेंब घातले तर राहिलेलं राहील, असं डॉक्टर म्हणाले. तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पाचव्या दिवशी संध्याकाळी चुलीपाशी मी भाकऱ्या शेकत होते, तू मागून आलीस आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलास. "खरं तेच बोललीस तू. ते बरंच झालं. पन आधी मला बोलायचं होतंस. ज्याचं दुखनं, त्याला पहिलं सांगायचं." मी रडायला लागले तशी तू माझ्या हातातलं उलथनं घेतलंस आणि म्हणालीस, "भाकरी करपली." एवढंच. नंतर त्या विषयावर तू कधी बोलली नाहीस. राहिलेल्या वर्षांत रोज दोन वेळा तू डोकं मागे टाकून बसायचीस आणि मी थेंब घालायचे.

म्हणून यंदा पोरीचे डोळे लाल दिसायला लागले, ती कपाळ दाबत उठायला लागली, तेव्हा मला तुझं चौकटीला खांदा आपटणं आठवलं. तिच्या वडिलांना सांगून खेळ बंद करायला लावावा, हा पहिला विचार मनात आला. फोन हातात घेतलाही होता. मग तो खाली ठेवला आणि तिच्या खोलीत गेले.

"तुझे डोळे दुखतात का गं?"

"नाही."

"खरं सांग."

ती खुर्चीत फिरली. "सांगितलं तर तू गेम बंद करशील. मॅचेस पंधरा दिवसांवर आहेत, मम्मी. चार जणी माझ्यावर डिपेंड आहेत."

"बंद करणार नाही. पण डॉक्टरकडे जायचं. तुझ्या आजीला काचबिंदू होता, तो घराण्यात उतरतो."

तिला हे माहीतच नव्हतं. आई, माझी चूक. तुझ्याबद्दल मी तिला 'आजी फार प्रेमळ होती' याच्यापलीकडे कधी काही सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे तपासले. डोळ्यांतला दाब ठीक. पडद्याकडे बघताना मुलगी पापण्याच मिटत नाही, डोळे कोरडे पडतात, आणि किंचित नंबर आहे, बस. चष्मा करा, मध्ये मध्ये लांब बघा, पडदा हातभर अंतरावर आणि नजरेच्या जरा खाली ठेवा. माझा जीव भांड्यात पडला. मी उठायला लागले तशा त्या म्हणाल्या, "आजार तुमच्या आईला होता ना? मग तुम्ही बसा." मला एका यंत्रात तोंड घालून बसवलं. समोर मधोमध एक ठिपका, त्याच्याकडेच बघायचं, आणि कडेला कुठेही उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. कण कधी वर चमकायचा, कधी डावीकडे, कधी बराच वेळ काहीच नाही. बाहेर आले तर पोरगी म्हणते, "मम्मी, तू तर आत गेमच खेळत होतीस!" पण निकाल आला तेव्हा ती हसली नाही. माझ्या उजव्या डोळ्यात काचबिंदूची सुरुवात आहे. अगदी सुरुवात. तुझ्या वेळी जे उशिरा कळलं ते माझ्या वेळी वेळेवर कळलं. रिक्षात ती माझा हात धरून बसली होती आणि मनवेलपाड्याला आमचं घर येईपर्यंत तिने तो सोडला नाही. आता मला थेंब ती घालते.

त्याच आठवड्यात आम्ही दुकानात गेलो. तिचा जुना मॉनिटर तिच्या वडिलांच्या ऑफिसातून आलेला होता. ती म्हणायची, माणूस कोपऱ्यावरून बाहेर पडतो तो मला दिसेपर्यंत मी मेलेली असते. आधी मला ते निमित्त वाटायचं. तिने समजावलं की हा पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, चांगले त्याच्या दुप्पट-चौपट दाखवतात, त्यामुळे हालचाल तुटक दिसत नाही. दुकानदाराने आम्हाला सरळ सगळ्यात मोठ्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या पडद्यासमोर नेलं. "मॅडम, सत्तावीस इंची घ्या, पिच्चर बघायला पण एक नंबर." पोरगी म्हणाली, "मला पिच्चर नाही बघायचे, दादा." तिने तिन्हींवर एकच खेळ लावायला सांगितला, त्यात भराभर डावी-उजवीकडे वळली आणि बाजूला सरकून मला म्हणाली, "तू बघ."

मी बघितलं. मोठ्या पडद्यावर काळोख्या भागातून माणूस पळाला की त्याच्यामागे धुरकट सावली ओढली जायची, आपल्या घरचा अँटेना फिरला की बातम्या देणाऱ्या बाईच्या मागे दुसरी बाई दिसायची तशी. मी म्हटलं, "ह्याच्यात सावली पडतेय." दुकानदार म्हणाला, "कुठे आहे मॅडम?" पोरगी म्हणाली, "आहे. घोस्टिंग म्हणतात त्याला." मग मी तिला शेजारच्या चोवीस इंचीसमोर सरळ बसवलं आणि विचारलं, मान न हलवता चारही कोपरे दिसतात का. दिसत होते. मोठ्यासमोर बसवलं तर तिची मान फिरत होती. शेवटचा प्रश्न सेकंदाला किती चित्रांचा. दुकानदार दोनशे चाळीसवाला पुढे करत होता. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "माझा कॉम्प्युटर या गेममध्ये तेवढी चित्रं बनवूच शकत नाही. मग पडद्याने दाखवायची कुठून? एकशे चव्वेचाळीस बास." एकोणीस वर्षांची पोर समोर चकचकीत वस्तू असताना 'बास' म्हणते, आई. मला फार बरं वाटलं.

घरी आणून जोडला, तिने खेळ लावला, "वॉव, किती स्मूथ!" म्हणून ओरडली. मी मागे उभी होते. मला काहीतरी खटकत होतं.

"दुकानात असं चालत नव्हतं गं."

"म्हणजे?"

"तिथे माणूस सरकत होता. इथे उड्या मारतोय. जुन्यासारखाच आहे हा."

ती वैतागली. "मम्मी, नवा आहे, तुला भास होतोय." पण तिने सेटिंग उघडलं आणि तोंडावर हात ठेवला. कॉम्प्युटर त्या नव्या पडद्यालाही साठच चित्रं पाठवत होता. एका ठिकाणी आकडा बदलायचा राहिला होता. बदलला, आणि पडदा जणू वाहायला लागला. ती खुर्चीत वळून माझ्याकडे बघत राहिली. "तुला कसं कळलं? माझ्या टीममध्येसुद्धा नसतं कळलं कुणाला."

मग मी तिला सगळं सांगितलं. शेड, शेवटचं टेबल, वर्तुळ, तुझं हनुवटी धरणं, माझं सुपरवायझरबाईंना बोलून जाणं, करपलेली भाकरी. ती जेवायचं विसरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे आजी प्रोफेशनल होती." मी आयुष्यभर लोकांना 'आई कारखान्यात कामाला होती' एवढंच सांगत आले. पोरीने एका शब्दात तुला तुझं टेबल परत दिलं.

मॅचेस झाल्या. पहिली जिंकल्या, दुसरी अगदी थोडक्यात हरल्या. ती दार लावून रडली. मी दार वाजवलं नाही, ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मॅचचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा बघत बसली होती. मी विचारलं, काय शोधतेस. म्हणाली, "चूक. सापडली. तो मला दिसला होता, मीच घाबरून थांबले." आवाज अगदी शांत होता. दुपारी तिने चौघींना फोन करून ते सांगितलंही, आणि पुढच्या वेळचा सराव ठरवला.

हे पत्र कुठे पाठवायचं मला माहीत नाही. पापडीच्या बाजाराला जाताना तुझ्या शेडवरून रिक्षा जाते, तिथे आता काहीतरी वेगळंच आहे. तेव्हा हे माझ्याकडेच राहील. पण तू विचारशीलच, इतकं सगळं तू बघतेस आणि स्वतः हात लावत नाहीस का, म्हणून सांगून टाकते. पोरगी कॉलेजला गेली की मी तिच्या खुर्चीत बसते. मी घरी शिकवणी घेते, ती मुलं यायला वेळ असतो. हेडफोन लावते आणि खेळते. कुठून कोण आलं हे मला बरोबर दिसतं, पण बोटं वेळेवर हलत नाहीत आणि मी मरते. हेडफोनात कुठलीतरी पोरं हिंदीत माझा उद्धार करतात. मी पुन्हा खेळते. माझी प्रत्येक हार तिच्याच नावावर जमा होते हे मला ठाऊक नव्हतं. काल ती पडद्याकडे बघत म्हणाली, "मम्मी, माझा रँक इतका खाली कसा आला?"

मी मेथी निवडत होते. म्हटलं, "नेट गेलं असेल."