तुमच्या गाडीची दारं

बाबा, काल तुमच्या गाडीची दारं कापून उघडली. तुम्हाला आवडलं नसतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या ज्या शेडमध्ये तुम्ही ती वेल्डिंगने बंद करून घेतली होतीत, तिथलाच माणूस आला होता. आता त्याचे केस पांढरे झालेत. ग्राइंडर लावण्याआधी त्याने बोनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "भाऊची गाडी. गोंदियात अशी दुसरी नाही झाली." मी म्हटलं, बरंच झालं. त्याला वाटलं मी त्याला दुजोरा दिला.

ती आली नव्याण्णव सालच्या दिवाळीनंतर. भिलाईच्या कुणा साहेबाने विकायला काढलेली जुनी पांढरी कॉन्टेसा, लांब नाकाची, बसकी, आपल्या फुलचूरच्या अंगणात मावता मावेना. आई तांदूळ पाखडत होती. ती सूप हातात घेऊनच उठली आणि म्हणाली, "स्कूटर आहे, धानाच्या मिलीत ट्रॅक्टर आहे. हे कायले?" तुम्ही म्हणालात, "हे चालवाले नाही वो, हे ठेवाले रायते." आईने गाडीकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, आणि पुन्हा पाखडायला बसली. तुमच्या गाडीबद्दल इतकं मोजकं आणि इतकं खरं मत त्यानंतर कुणी दिलेलं मला आठवत नाही.

मी तेव्हा शाळेत जात नव्हते. माझी पहिली शाळा त्या गाडीच्या शेजारी भरली, हे मात्र मान्य करते. अक्षरं तुम्ही मिलीच्या पोत्यांवरच्या छापावरून शिकवलीत आणि आकडे पान्यांवरून. तुम्ही गाडीखाली उताणे, फक्त हात बाहेर. "दहा-अकरा दे. नाही, हा बारा-तेरा आहे, नीट पाय." मी नीट पाहायचे. पुढे शाळेत बाईंनी उभं करून मोजायला लावलं तेव्हा मी अठरा, एकोणीस, वीस, बावीस असं म्हटलं. बाई म्हणाल्या, "एकवीस कुठे गेला?" मी सांगितलं, एकवीसचा पाना नसतो. वर्ग हसला. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्हीही हसलात, आणि पुढे कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट ऐकवत राहिलात. आपल्या संचात वीस-बावीसचा पाना होता, एकवीस नव्हता, आणि ते मला सांगायचं राहून गेलं, एवढं कबूल करायला तुम्हाला कधी सुचलं नाही. मी त्या दिवसापासून सगळं दोनदा मोजते. औषधाच्या दुकानात मी गोळ्यांची पट्टी दोन वेळा वाचून मग देते. गिऱ्हाईक म्हणतात, "दीदी, भरोसा नहीं क्या?" नाही. मला नाही.

गाडीवर मात्र तुमचा फार भरवसा. तिला लाल रंग दिलात, नाकापासून शेपटीपर्यंत दोन काळे पट्टे ओढलेत. मडगार्डबाहेर येणारी रुंद चाकं लावलीत, ती प्रत्येक खड्ड्यात पत्र्याला घासत. सायलेन्सर असा कापून घेतलात की नाक्यावरची कुत्रीसुद्धा तुम्हाला ओळखू लागली. मागे ट्रॉलीच्या पत्र्याचा एक पंख बसवलात. मी विचारलं, हा कशाला? तुम्ही म्हणालात, वेगात वाऱ्याने गाडी उचलली जाऊ नये म्हणून. बाबा, बाजाराच्या दिवशी फुलचूर नाक्यावर त्या गाडीला सायकलवाले मागे टाकत. तिला वारा कुठून उचलणार? पण तुमचे मित्र माना डोलवत. ते चौघे रोज संध्याकाळी यायचे, चहा प्यायचे आणि बोनेट उघडून आत बघत बसायचे, जणू आत काही शिजतंय. "भैया, एकदम हीरो गाडी." चहा आई करायची.

मग लग्नसराईत एका मित्राच्या भावाची वरात निघाली. नवरदेव सगळ्यांना दिसला पाहिजे म्हणून तुम्ही गाडीचं छत कापलंत. मोजमाप नाही, विचारपूस नाही, एका दुपारी कापून मोकळे. छत गेल्यावर गाडी मध्येच वाकली, हे नंतर कळलं. दारं खाली आली, कुलपं जुळेनात. नवरदेव बसला, बँड लागला, आणि आमगावच्या रस्त्यावर रेल्वे फाटकापाशी पहिल्याच दचक्याला मागचं दार उघडून नवरदेवाचा मामा फेट्यासकट रस्त्यावर बसला. त्याला लागलं नाही म्हणून त्याचा विनोद झाला. तुम्ही काय केलंत? वाकलेली गाडी सरळ करायचं सोडून चारही दारं वेल्डिंगने बंद केलीत. "स्पोर्ट गाडीत उडी मारूनच बसतात," असं सांगू लागलात. माझ्या माहितीत आपली चूक इतक्या लवकर रुबाब म्हणून मिरवणारा माणूस दुसरा नाही.

उडी मारून चौघे मित्र बसत. मला तुम्ही काखेत धरून आत सोडायचात. आईसाठी एकदा स्टूल आणलंत. सगळे बघत होते. आईने एक पाय स्टुलावर ठेवला, एका हाताने निऱ्या धरल्या, दुसरा हात पत्र्याच्या काठावर टेकला. काठ उन्हाने तापलेला होता. तुमच्यातला एक जण म्हणाला, "वहिनी, जोर लगाओ." आई खाली उतरली आणि म्हणाली, "मी का माकड आहो का? तुमीच जा." तुम्ही हसलात, स्टूल उचलून ठेवलंत आणि गेलात. ते स्टूल पुन्हा बाहेर आलं नाही.

आईच्या धाकट्या भावाचं लग्न आमगावला होतं. तुम्ही गाडी धुतलीत, पुसलीत. मी फ्रॉक सोडून पहिल्यांदाच पंजाबी ड्रेस घातला होता आणि नेहमीसारखी गाडीजवळ हात वर करून उभी राहिले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग मित्रांकडे, आणि म्हणालात, "आता मोठी झाली तू. आईसंगं ये." एवढंच. मी आणि आई काळीपिवळी जीपने गेलो, मांडीवर आहेराचं गाठोडं, मागे दोन कोंबड्यांची टोपली. मांडवापाशी पोचलो तर आईचा सगळा गोतावळा तुमच्या गाडीभोवती. आईच्या हातातलं गाठोडं घ्यायला कुणी आलं नाही. थोरल्या मामी म्हणाल्या, "एवढी मोठी गाडी घरी अन् बाई जीपने काऊन आली?" आई म्हणाली, "गाडीत जागा नव्हती." जागा होती, बाबा. दार नव्हतं.

आता ते लिहिते, जे मला आजवर कुणाशी बोलता आलेलं नाही. तुम्ही गेलात त्या दुपारी अंगणात छातीला हात लावून खाली बसलात. गाडी समोर उभी होती. पेट्रोल होतं, चावी खिळ्याला होती, चालवणारे दोघे मित्र हजर होते. त्यांनी तुम्हाला खांद्यांना आणि पायांना धरून उचललं, काठापर्यंत नेलं आणि थांबले. तुम्हाला काठावरून पलीकडे टाकावं लागलं असतं, पोतं टाकतात तसं. ते धजले नाहीत. एक जण ऑटो आणायला नाक्याकडे पळाला. आई तुमचं डोकं मांडीवर घेऊन त्या लाल पत्र्याला टेकून बसली होती. डॉक्टर नंतर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी फरक पडला नसता. मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं. माझ्या मनाला ते अजून पटलेलं नाही, आणि याबद्दल मी तुम्हाला माफ करावं की नाही, हेही ठरलेलं नाही.

त्यानंतर गाडी अंगणालगतच्या आपल्या मिलीमागे ताडपत्रीखाली पडून होती. गेल्या महिन्यात नागपूरहून एक तरुण आला, जुन्या गाड्यांचा शौकीन. ताडपत्री काढून तो गाडीभोवती प्रदक्षिणा घालावी तसा फिरला. "अशा गाड्यांना आत्मा असतो, मॅडम," तो म्हणाला. त्याला ती घेऊन मूळ रूपात आणायची आहे. त्याने ती त्याच क्षणी न्यावी असं मला वाटलं. पण आई म्हणाली, "नेऊ दे. पण पयले दार उघडा. मले एकदा बसू द्या." एवढ्या वर्षांत तिने त्या गाडीबद्दल मागितलेली ही एकच गोष्ट. तो येत्या रविवारी गाडी न्यायला येणार आहे, म्हणून काल एका बाजूची दोन्ही दारं कापली.

उघडल्याबरोबर दार एका बाजूला लोंबलं. मी पोत्याच्या सुतळीने ते बांधून धरलं. आईने धुतलेलं लुगडं नेसलं होतं, हातात पर्स. बाईमाणसाने गाडीत बसावं तशी ती बसली, आधी टेकली, मग पाय आत घेतले. समोर मिलीची भिंत होती. इंजिन केव्हाचं बंद पडलेलं. तिने तुम्ही बसवलेल्या लहान स्टिअरिंगकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, सीटचा फाटका रेक्झिन बोटाने दाबून पाहिला. मी विचारलं, कसं वाटतं? तिने मांडीवरची पर्स उचलली. मग म्हणाली, "एवढंच व्हय का?" आणि उतरून, पदर झटकून, चहा टाकायला गेली.

हे लिहून गाडीच्याच कप्प्यात ठेवावं आणि तिच्याबरोबर जाऊ द्यावं असं ठरवलं होतं. पण कप्प्याच्या जागी तुम्ही स्पीकर बसवून ठेवलाय. तेव्हा हे माझ्याजवळच राहील.

एक गोष्ट आईने पाहिली नाही. ती आत गेल्यावर वेल्डर सामान आवरत होता आणि त्याची पाठ माझ्याकडे होती. माझ्यासमोरचं दार उघडंच होतं, बाबा, चांगलं सताड उघडं. मी वळसा घालून अजून वेल्डिंगने बंद असलेल्या बाजूला गेले, ओढणी कमरेला खोचली, काठावर हात टेकला आणि उडी मारून बसले.