सोंडा की ढेकूण

४ एप्रिल १९८३, लातूर
मानेवर चावल्याच्या सात गांधी! हेडक्लार्क अण्णाराव म्हणाले, "पंचशीलाबाई, कांजिण्या का?" नवा जिल्हा झाला, उस्मानाबादहून बदली झाली. आडनाव ऐकून तिघांनी खोली नाकारली. चौथी मिळाली, तर बाजेत ढेकूण!

५ एप्रिल
घरमालकीण नीलम्मा. गल्लीभर सगळे अव्वा म्हणतात. सांगितलं तर कमरेवर हात!
"माझ्या घरात ढेकूण? न्हाईत! जवारीतले सोंडे हायेत ते."
सोंडे चावत नाहीत, अव्वा.
"तुला चावले असतील. तू गोड हाईस."
बाजेवर उकळतं पाणी ओतावं, तर टँकर तिसऱ्या दिवशी. घागरभर पाणी आम्ही प्यावं की ढेकणांना घालावं?

७ एप्रिल
पुराव्याशिवाय अव्वा ऐकायची नाही. इंजेक्शनच्या दोन रिकाम्या बाटल्या आणल्या. एकीत बाजेतला ढेकूण, दुसरीत अव्वाच्याच कणगीतला सोंडा. वर कापसाचे बोळे.

८ एप्रिल
ऑफिसला उशीर – बाटल्याच बघत राहिले! ढेकूण तांबूस, चपटा, मसुराच्या डाळीएवढा. वास तर नकोच. सोंडा काळपट, तिळाएवढा, तोंडापुढे खरीच सोंड! बाटली हलवली की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतो. असे दोघे आमच्या ऑफिसातही आहेत. ढेकूण काचेवर घसरतो. सोंडा मात्र तरातरा वर! एकाला जवारी पुरते, दुसऱ्याला मीच लागते. सोंड्याबद्दल आदर वाटू लागला.

९ एप्रिल
आज दाखवलं. अव्वानं अंगणात, उन्हात बाटल्या धरल्या. "हा बघ सोंडा. सोंड कशी हलवायलाय! आन् ह्यो बी सोंडाच."
हरले! बाटल्या परत घेतल्या – तर सोंड्याची रिकामी. बोळा तिरका. महाराज कधीच पसार!
हसू आलं. मग थांबलंच.
दोन बोटं धरली. अव्वा, किती?
"चार. मस्करी करतीस व्हय?"
अव्वा खाली बसली. मग हळूच – "दोन वर्सं झाली. कुनाला सांगू नको, बाई. ल्योकाला कळलं तर घर इकून सोलापूरला न्हेईल मला."
डोळ्यांत मोतीबिंदू. पांढरे ठिपके मलाही आजच दिसले. इतके दिवस मी फक्त बाज बघत होते.

१८ एप्रिल, नांदेड
डोळ्यांचा दवाखाना. लेकाला न कळवता अव्वाला घेऊन आले. ऑपरेशन उद्या. नर्सनं फॉर्म पुढे केला – पेशंटच्या कोण? मी तोंड उघडायच्या आत अव्वा बोलली –
"लेक हाय माझी. लई भांडती."