उतरवलेलं धनुष्य

इंदापूर,
५ ऑक्टोबर २०२५

चि. मोहित यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सौ. अश्लेषा आणि चि. संस्कृती खुशाल असतील. मी दसऱ्याचं जेवण पचवून सुखरूप पोचलो. फोनवर तू "बाबा, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस, आणि माझं बोलणं तर सुरूच व्हायचं असतं, म्हणून हे पत्र. घरमालक हिंदुराव उद्या बारामतीला येताहेत, त्यांच्या हाती देतो.

खंडेनवमीचा तो क्षण अजून माझ्या हातातून गेलेला नाही. तुझ्या हॉलच्या भिंतीवर माझं धनुष्य, त्याला झेंडूची माळ, मागून तो पिवळा दिवा. पूजा झाली आणि तुझ्या पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "काका, ओढून दाखवा की!" तू स्वतः ते भिंतीवरून काढून माझ्या हातात दिलंस. वालचंदनगरच्या स्टाफ क्लबच्या मैदानावर मी ते शेवटचं ओढलं तेव्हा तू शाळेत जायचास. बेचाळीस पौंडांची ओढ. वाटलं, आता छातीपर्यंतही यायचं नाही. डोळे मिटून ओढलं, तर प्रत्यंचा सरळ हनुवटीला! काय टाळ्या पडल्या. "या वयात, बघा!" असं तूच सगळ्यांत मोठ्यानं ओरडलास. खरं सांगू, इतकं हलकं जाईल असं मलाही वाटलं नव्हतं. संस्कृती तेवढी कोपऱ्यात तोंडावर हात धरून हसत होती. "काय गं?" म्हटलं तर पळाली.

मी धनुष्य ओढतानाचा तू टाकलेला तो व्हिडिओ इथंही पोचला. हिंदुराव म्हणाले, "तात्या, बघितला म्या. आता तुमास्नी घर सोडा म्हणायचं म्हंजी जिवाची भीती हाय!"

येताना एसटीत मांडीवर ताल धरून दोन ओळी जुळवल्या. भुजंगप्रयात आहे, बोटांवर मोजून बघ:

जुनी ओढ हाती पुन्हा आज आली
वयाची तरी गाठ ढिल्ली न झाली

शाळेत गुरुजी वृत्तं म्हणून घ्यायचे तेव्हा सगळा वर्ग डोलायचा. तसा मी भिगवणच्या एका म्हातारीशेजारी डोलत होतो. ती खिडकीकडं सरकली.

तुझं म्हणणं मला पटलं. हॉलशेजारच्या खोलीत राहायला येतो. वसुबारसेला टेंपो पाठव. हिंदुरावांना घर सोडतो म्हणून सांगून टाकलं. कन्हेरीच्या तुझ्या रिसॉर्टवर शनिवार-रविवार पाहुण्यांना तिरंदाजी दाखवायची तुझी कल्पनाही मान्य. फेटा तेवढा फार मोठा नको, कानावर आला की प्रत्यंचा अडकते.

जुनं धनुष्य काढलं तर हॉलचा लूक जाईल म्हणालास, ते राहू दे तिथंच. मी नवं करून घेतो. आमच्या कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये लाकडी साचे करणाऱ्या बिरूनं ते केलं होतं, तो तर गेला. पण नरसिंहपूरच्या रस्त्याला वल्लरी नावाची एक मुलगी आहे. राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली. धामणीच्या लाकडाची, वर बांबू चढवलेली धनुष्यं माणसाच्या मापानं करून देते. तिला सांगतो, तस्संच कर, बेचाळीस पौंडांचं. बाहेरगावची मोठी दुकानं मला नकोत. धनुष्य आपलं माप घेणाऱ्याच्या हातचं असावं.

एकच. वापरात नसताना प्रत्यंचा उतरवून ठेवावी हे मी तुला घर बांधलंस तेव्हा सांगितलं होतं. तू म्हणालास, "बाबा, उतरवलं की नुसती काठी दिसते हो." तेही खरंच म्हणा. आणि मुठीला आता चामडं लावलेलं दिसलं. छान दिसतं. तुझ्या आईनं तिथं तिच्या निळ्या इरकलीच्या काठाची पट्टी गुंडाळली होती, हाताला घाम येतो म्हणून. तुला आठवत नसेल. असो.

अश्लेषाला सांग, माझ्या खोलीत उशी एकच ठेव.

तुझा,
पुन्हा धनुर्धर झालेला
बाबा


इंदापूर,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. मोहित यास आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. सकाळी हवेत जरासा गारवा असतो, दुपारी नसतो. ऊसतोडीची माणसं यायला लागली आहेत.

वसुबारसेला टेंपो पाठवू नकोस. मी येत नाही. हिंदुरावांना काल सांगितलं. ते म्हणाले, "व्हय का? बरं झालं तात्या. तुमच्या मागं कोण येतंय नि कसलं येतंय!" आणि चहा पाजला. तू मात्र कारण विचारशील, म्हणून सांगतो. फोनवर सांगितलं असतं, पण तिथं मी अर्ध्यात रागावतो आणि तू अर्ध्यात ठेवतोस.

मी वल्लरीकडं गेलो. पत्र्याची शेड, आत भुश्श्याचा वास. बिरूच्या पॅटर्न शॉपमध्ये यायचा तसाच. दारातच मन भरून आलं, दोन-चार ओळी म्हणून दाखवाव्याशा वाटल्या. पण तिनं पेन्सिल कानावर ठेवून पहिलाच प्रश्न केला.

"काका, शोभेचं की चालवायचं?"

"म्हणजे?"

"पुण्याकडची माणसं येतात ती जास्त करून शोभेचं सांगतात. भिंतीला लावायला. त्याला मी जाड वार्निश मारते, बाकीचं कोण बघतंय? चालवायचं असेल तर माप घ्यावं लागेल."

मी छाती काढून म्हणालो, "चालवायचं. बेचाळीस पौंड."

तिनं मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात पसरायला लावले, या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप धरला. बिरूनं घेतलेलं माप मला पाठ होतं, ते मी आधीच सांगितलं होतं. तिनं आपलं लिहिलं, माझं खोडलं. म्हणाली, "माणूस आखडतो काका. त्यात काय." मग खुंटीवरून एक धनुष्य काढून दिलं. चाळीसचं. "हे ओढा आधी. आलं तर बेचाळीस करू."

आलं नाही, मोहित. निम्म्यावरही आलं नाही. दंड थरथरायला लागला, खांद्यात कळ गेली. ती घाईनं म्हणाली, "सोडू नका, सावकाश परत न्या," आणि माझ्या हातावर हात ठेवून तिनंच ते परत नेलं. मी व्हिडिओ दाखवला. म्हटलं, आठवड्यामागं हे बघ काय ओढलंय. तिनं तो दोनदा पाहिला. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"काका, ते धनुष्य एकदा घेऊन या."

शनिवारी मी तुझ्या घरी येऊन गेलो ते त्यासाठी. तू कन्हेरीला होतास. अश्लेषानं धनुष्य काढून जुन्या चादरीत गुंडाळून दिलं, तिला बोलू नकोस. परतताना एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्यात, आबा?" म्हटलं, धनुष्य. तर म्हणतो, "मग बसा की. पण लंकंला जायची गाडी न्हाय ही, इंदापूरला उतरायचं!" सगळी गाडी हसली, मीही हसलो. पण त्या वेळी माझ्या मनात दुसरंच काही चाललं होतं. ते पुढं येईल, किंवा येणार नाही.

वल्लरीनं प्रत्यंचा उतरवली आणि धनुष्य टेबलावर ठेवलं. जिवंत धनुष्य उतरवलं की सरळ होतं. बिरू ते उतरवायचा तेव्हा टण्णकन उडायचं, तुझी आई घाबरायची. हे हललं नाही. प्रत्यंचा नव्हती तरी तसंच वाकलेलं पडून राहिलं. मग तिनं हुकाचा वजनकाटा लावून माझ्या मापापर्यंत ओढलं.

"बावीस," ती म्हणाली. "किती वर्षं चढवलेलं होतं?"

मी म्हटलं, घर बांधल्यापासून. सात.

"मग मेलंय हे. लाकडाला विसावा लागतो, काका. सारखं ताणून ठेवलं की ते ताणलेलंच राहतं, ताकद जाते. दिसायला काही फरक पडत नाही. दिसतं झ्याकच."

तेव्हा मला त्या टाळ्या पुन्हा ऐकू आल्या. माझा हात मजबूत म्हणून ते हलकं गेलं नव्हतं. भिंतीवर ते कधीचं मेलेलं होतं. माळ घातलेलं, दिवा लावलेलं, पूजा केलेलं. मागच्या पत्रातल्या त्या दोन ओळी फाडून टाक. वृत्त बिनचूक होतं, मजकूर खोटा होता.

वल्लरीनं मला तीन गोष्टी पुढं ठेवल्या. हुबेहूब जुन्यासारखं, बेचाळीसचं, देखणं; ते मला ओढता यायचं नाही. सव्वीसचं, महिनाभर रबर ओढून खांदा तयार केला तर कदाचित. किंवा बावीसचं. मी विचारलं, बावीसचा बाण जातो का कुठं? तिला राग आला. "जातो म्हणजे? पन्नास पावलांवर गवताच्या पेंढीत टोक बुडेपर्यंत जातो. तुम्हाला काय हत्ती मारायचाय?"

बावीसचं सांगितलं. धामणच, वर बांबू, वार्निश पातळ. मूठ कशानं बांधू म्हणाली. तुझ्या आईची निळी पट्टी अगदी ओठांवर आली होती. म्हटलं, मोकळीच ठेव. लाकूड हाताला लागू दे.

इथं पत्र संपवायचं ठरवलं होतं. सकाळी दोनदा संपवलंही. पण तुझ्यापासून काही लपवून ठेवलं, तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

शनिवारी अश्लेषा चादर शोधायला आत गेली होती. धनुष्य सोफ्यावर होतं. संस्कृती आली, ते उचललं, उभी राहिली बघ अशी, डावा पाय पुढं, आणि ओढलं. गालापर्यंत. आपली संस्कृती, इयत्ता सहावी.

"आजोबा, मी पण ओढते. रोज. शाळेतून आले की."

मी म्हटलं, वा.

"त्या दिवशी तुम्ही किती तोंड वाकडं केलं होतं! मला एवढं हसू येत होतं. पण पप्पांनी सांगितलं होतं, आजोबांना सांगायचं नाही. त्यांना बरं वाटतं."

तेवढ्यात अश्लेषा आली आणि "संस्कृती!" म्हणून ओरडली. पोरीला कळलंच नाही तिचं काय चुकलं. तिचं काही चुकलं नाही. मी अश्लेषाला म्हटलं, चादर दे, गाडी चुकेल. निघताना चपला घालायला वाकलो, तर दाराआड फ्लेक्सची गुंडाळी उभी होती. वरची कड उलगडलेली. फेटा बांधलेला माझा फोटो, आणि खाली 'धनुर्धर आजोबा', पुढं 'दर शनिवार-रविवार'.

म्हणजे तुला ठाऊक होतं. अकरा वर्षांची पोर जे रोज ओढते ते तू माझ्या हातात दिलंस आणि "या वयात, बघा!" म्हणालास. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एका दिवसापुरतं खोटं बोलला असतास तर मी ते पोटात घातलं असतं. कदाचित आवडलंही असतं. पण त्या खोट्याचा तू फलक छापलास. आणि दसऱ्याआधी सात वर्षं त्या खोलीत शिलाई मशीन होतं, मोहित. ती माझी खोली आहे हे तुला व्हिडिओ गाजल्यावर सुचलं.

कदाचित मी अन्याय करतो आहे. तू माझी औषधं आणतोस, दवाखान्यात नेतोस, पाहुण्यांसमोर मला मधल्या खुर्चीत बसवतोस. पण त्या खुर्चीत मी पाठ ताठ ठेवून बसतो, लोक जाईपर्यंत. मग रात्री पाठ दुखते. तुझ्या घरी मला कोणी कधी उतरवूनच ठेवलं नाही.

पाडव्याला येईन. जेवेन. संस्कृतीशी पत्ते खेळेन. व्हिडिओ काढायचा नाही.

जुनं धनुष्य हिंदुरावांबरोबर परत पाठवतो आहे. वल्लरीनं विचारलं, फेकू का? नको म्हटलं. त्याला प्रत्यंचा पुन्हा चढवून घेतली आहे. जिथं होतं तिथं लाव, दिवा लाव. हॉलचा लूक जाणार नाही, आणि ते आता त्याच कामाचं उरलं आहे. संस्कृतीला मात्र ते ओढायला देऊ नकोस. एक दिवस मध्येच मोडेल आणि तिच्या डोळ्याला लागेल. तिला माझ्याकडं पाठव. वल्लरी तिचं माप घेईल.

माझं नवं धनुष्य दिवाळीनंतर मिळेल. काम झालं की रोज उतरवून दाराच्या कोपऱ्यात उभं करून ठेवीन. कधी आलास तर तुला नुसती काठी दिसेल.

बाबा