पानमळा आणि माझे पाय

मी, मैनाबाई महादेवराव येऊल, वय चौऱ्याहत्तर, राहणार हिवरखेड, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. होता तेव्हा जन्मभर होता, आता उरलेला नाही.

१. राहते घर, टीव्ही आणि मोटारसायकल मुलगा किशोर यास. पत्रे गळतात, ते त्याने बदलावेत.

२. शिवारातील वीस गुंठ्यांचा पानमळा, विहीर, शेवरीची झाडे आणि त्यांवर चढलेले सगळे वेल मुलगी चंदा हिला. किशोरचा त्यात कोणताही हक्क नाही. कारण लिहिते, म्हणजे पुढे कोणी म्हातारीला भ्रम झाला होता असे म्हणायला नको.

भावांच्या वाटणीत जाऊ नये म्हणून यजमानांनी मळा माझ्या नावावर केला. सातबाऱ्यावर नाव माझे लागले, मळ्यात पाय मात्र पुरुषांचेच. बाईचा विटाळ वेलाला सोसत नाही म्हणून आमच्या घरातल्या बायांनी फाटकाबाहेर थांबायचे. तोडलेली पाने घरी आली की धुवायची, निवडायची, करंड्या भरायच्या, ते सगळे आम्हीच. त्या करंड्या लहान लाइनच्या रेल्वेगाडीने खांडव्यापर्यंत गेल्या. दीर देवमन जेवण झाले की माझ्याच हातचा विडा मागत. माझा हात चालत होता, पाय चालत नव्हता.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पौषात थंडीची लाट आली. यजमान तापाने पडलेले, भाऊजी धामणगावला पाहुणे म्हणून गेलेले. वेल काळे पडू लागले. मी पहाटे चपला काढून आत गेले आणि ओळींना विहिरीचे कोमट पाणी सोडले. मळा वाचला. आमचे गडी नत्थुजी यांनी मला पाहिले आणि भाऊजींना सांगितले. मळा वाचला होता, तोवर ते चालले. आषाढात चर तुंबला, पाणी साचले, मुळे कुजली आणि दोन ओळी मेल्या. चर काढायचे काम भाऊजींचे होते. त्यांनी बोट माझ्याकडे दाखवले: “हिचा पाय लागला म्हनून मर आली.” चारचौघांत फाटकासमोर मला नाक घासायला लावले. किशोर पोटात होता, दिवस भरत आले होते. पौषातही तो पोटात होताच. मग विटाळ आला कुठून? एवढे एकाही शहाण्याच्या डोक्यात आले नाही. यजमान बाजूला खाली पाहत उभे होते. त्यांना मी माफ केलेले नाही, मेल्यावरही करणार नाही.

आमचा वऱ्हाड निजामाने इंग्रजाला दिला, इंग्रजाने मध्यप्रांताला जोडला, मग मुंबईला जोडला गेला. वऱ्हाडाला कोणी विचारल्याचे शाळेत सातवीपर्यंत तरी मी वाचले नाही. मळा नावावर करताना मलाही कोणी विचारले नव्हते, आणि मोडताना तर नाहीच.

गेल्या आठवड्यात किशोरने प्लॉट पाडायला जेसीबी आणला. मी फाटकाशी जाऊन विचारले, “काहून आणलं रे हे?” तो म्हणाला, “आई, पान कोन खाते आता? लोकं खर्रा खाऊन राहिले.” तेवढ्यात जेसीबीवाला बूट घालून आत शिरला आणि वेलाच्या बुडाशी तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला. त्याला कोणी अडवले नाही. किशोरने नाही, फाटकाशी उभ्या भाऊजींनीही नाही. माझे डोके फिरले. चपला काढल्या, आत गेले आणि पहिल्या ओळीत फतकल मारून बसले. “चालव माह्या अंगावरून,” म्हटले. जेसीबी परत गेला. तेव्हापासून रोज आत बसते.

न्हाण आले त्या दिवसापासून चंदालाही मळा बंद झाला होता. त्याआधी बापाच्या मागे फिरून पोरीने वेल बांधणे शिकून घेतले. अकोल्याला तिच्या परसात शेवग्यावर याच मळ्यातला वेल आहे. त्याला ती महिन्याचे सगळे दिवस पाणी घालते. वेल मेला नाही, पार छपरावर गेला. चंदाने मळ्यात वाटेल त्या दिवशी जावे. चपला मात्र बाहेर काढाव्यात. तो वेलाचा मान आहे, आणि तो पुरुषांनाही लागू.

३. पितळी पानदान आणि अडकित्ता दीर देवमन यांस. भाऊजींनी आता आपला विडा आपण लावावा.

४. माझ्या तेरवीला रोडगे आणि वांग्याची भाजी करावी. पंगत मळ्याच्या फाटकासमोर, जिथे मी नाक घासले तिथेच बसवावी. पहिली पंगत बायांची.

५. साक्षीला नत्थुजींना मुद्दाम बोलावले आहे. तेव्हा त्यांनी पाहिले होते, आता पुन्हा पाहावे. ते फाटकाशीच थांबून म्हणाले, “बाई, मी इथूनच सही करतो ना.” मी म्हटले, “आत या. तुमाले कोनी नाक घासाले लावनार नाही.”

स्थळ: हिवरखेड, पानमळ्याच्या आत
दिनांक: ९ डिसेंबर २०२५
सही: मैनाबाई महादेवराव येऊल

साक्षीदार:

१. आरती गोवर्धन धुळे, अंगणवाडी सेविका. चपला बाहेर काढून आत आले. मैनाबाईंनी माझ्यासमोर सही केली.

२. नत्थुजी सखाराम भोपळे. त्या वेळी मीच सांगितले होते. आज आत येऊन पाहिले. आठवडा झाला, बाई रोज आत बसतात. वेल हिरवे आहेत.