‘आपून’ म्हटलं की गुण कापणार

३ नोव्हेंबर
अड्याळला पोहोचले. खोली लखलखीत, खिडकीतून तलाव आणि कापणीला आलेला धान. निवृत्तीनंतर पुन्हा बारावीला इतिहास, बदली अध्यापिका म्हणून का होईना! घरमालकीण जानकीबाई म्हणाल्या, मॅडम, तुमचा आवाज आईकून आमची मांजरबी सरळ बसून राह्यली. वर्गात त्यांचा नातू भूपेश, हेमराज आणि मासे धरणाऱ्या तुलारामची रीना ही तिघं एका बाकावर, एकाच डब्यात जेवणारी. दर वाक्याला ‘आपून’. आपून जाऊ, आपून खाऊ.

६ नोव्हेंबर
बाल्कन. सर्ब आणि क्रोएट यांची भाषा जवळजवळ एकच, पण पंथ वेगळे, लिपी वेगळी, शतकानुशतके धनीही वेगळे: इकडे तुर्की सुलतान, तिकडे ऑस्ट्रियाचा सम्राट. अल्बेनियनांची भाषाच निराळी. कोसोव्होत आधी आम्हीच, असं सर्बही म्हणतात आणि अल्बेनियनही. १३८९ मध्ये तिथे तुर्कांशी लढताना अल्बेनियन सरदार सर्बांच्याच बाजूने होते म्हणतात. ते कुणाला आठवायचं नसतं. वर्ग जांभया देत होता. भूपेशने विचारलं, ते तं मेले, आपून कायले पाठ करून राह्यलो? डोकं फिरलं.

७ नोव्हेंबर
चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडले. भूपेश सर्ब, हेमराज क्रोएट, रीना अल्बेनियन. बाजू ‘आम्ही’ म्हणूनच मांडायची. ‘आपून’ म्हटलं की गुण कापणार. एकदाची झोप उडाली.

१२ नोव्हेंबर
डबे तीन झाले. महायुद्धात आमचा आजा क्रोएटांच्या छावणीत मारला, असं भूपेशने हेमराजला सुनावलं. छावण्यांचा भाग मी अजून शिकवलेलाच नाही. वही तपासली, तर उत्तर सर्बांच्या लिपीत. फळ्यावर मी त्यातलं एक अक्षरही काढलेलं नाही. चेष्टेलाही मर्यादा असते.

१४ नोव्हेंबर
खेळ संपला, असं बजावलं. म्हणा, आपण सगळे अड्याळचे. कुणाची जीभ वळेना. हेमराज घामाने भिजला, तोंडून फक्त ‘आमी, आमी’. रीना रडली. मी छडी आपटली. काय उपयोग!

१७ नोव्हेंबर
जानकीबाईंनी रीनाला अंगणातूनच हाकललं. म्हणे, हे बाहेरचे, आमी आधीपासून. कधीपासून, विचारलं. म्हणाल्या, तेराशे एकोणनव्वद. जानकीबाई कधी शाळेत गेलेल्या नाहीत.

१८ नोव्हेंबर
धान उभाच. एकमेकांच्या शेतातल्या बांधीत कापणीला कुणी जात नाही. तुलारामचा मासेमारीचा डोंगा जाळला. तुलाराम सापडत नाही — रीनाला माझ्या खोलीत घेतलं. पोलिसांना फोन केला. पलीकडच्याने आधी विचारलं, तुमी कोन —

१९, दुपार
अंगणात भूपेश आणि त्याचे लोक. मागच्या फाटकाशी हेमराजचे. पोरगी द्या म्हणतात. रीना पलंगाखाली. मी दरडावलं — कुणी सरळ उभं राहिलं नाही. एकच विचारतात, मॅडम, तुमी कोनाच्या?

सोपं उत्तर आहे. एक शब्द, वर्गाकडून म्हणवून घेत होते तोच. दार उघडायचं आणि म्हणायचं. तोंडातून निघत नाही, लिहून तरी —

आ
आम
नाही. पुन्हा.
आम्ही
रीना पाय धरते आहे, म्हणते, म्हना ना मॅडम —
आम्ही
आम्ही आधीपासून इथे. ही बाहेरची पोर आमच्या खोलीत कायले —